कोल्हापूर आणि परिसर : तबकड्यांचे संग्रह, आवडते गायक, आणि त्या खऱ्या सुरात वाजवायच्या कशा

खासबाग_९

शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब होते. जयपूर-अत्रौली घराण्याचं नाव घेतलं की कोल्हापूर येतंच. आणि खाँसाहेबांचा आवाज मात्र एकाही तबकडीवर नाही. भारतात रेकॉर्डिंग १९०२ पासून होत होतं, खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, तरी नाही. त्यामुळे ही गायकी त्या काळात कशी लागत होती हे कानांनी समजून घ्यायचं तर शिष्यांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या हाच आधार आहे.

माझ्या लेखी त्यात केसरबाई केरकर सगळ्यांत वर. दहा इंची तबकडीची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात बंदिशीचं तोंड, थोडी बढत आणि मग खुल्या आकारातल्या ताना, त्याही एकीतून दुसरी निघालेली, मध्ये श्वास कुठे घेतला ते कळू न देता. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. ती सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची आहे आणि तिच्याबरोबर कार्ट्रिज (सुई बसवायचा भाग), सुई आणि ती कशी वाजवायची याची आकृतीही पाठवली आहे. आपण घरात ७८ ची तबकडी एलपीच्या (३३⅓ फेऱ्यांच्या नंतरच्या तबकडीच्या) सुईने वाजवतो, याचा विचार व्हायला हवा.

तर इथे संग्रहातल्या नुसत्या याद्या नकोत. तबकडी कोणती, कशावर वाजवता, सुई कोणती, वेग कसा तपासता, एवढं लिहा.

काळी_चार

सुईपासून सुरू करतो, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिल म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासचं टोक लागतं. एलपीच्या सुईचं टोक ०.७ ते १ मिल. ते ७८ च्या खाचेत भिंतींना टेकतच नाही, तळाशी लोळत राहतं, आणि साठ-सत्तर वर्षांची धूळ तळाशीच बसलेली असते. लोक म्हणतात तबकडी खरखरते. बऱ्याचदा तबकडी ठणठणीत असते, सुई चुकलेली असते. उलटं करू नका, ७८ ची सुई एलपीवर टेकवली तर एलपी गेलीच.

वजन : एलपीला बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम, ७८ ला तीन ते पाच. कार्ट्रिजच्या कागदावर दिलेलं माप शेवटचं. वजन कमी ठेवलं तर तबकडी वाचते हा गैरसमज आहे. कमी वजनाची सुई खाचेत उड्या मारते आणि दर उडीला भिंत टवकते.

आता वेग. ‘७८’ हा आकडा पुढे पक्का झाला. सुरुवातीच्या, भोंग्यात गाऊन भरलेल्या तबकड्या ७० पासून ८२ पर्यंत कितीही असू शकतात. ७८ ची तबकडी ८० ने फिरवली तर सूर सुमारे ४४ सेंट (सेंट म्हणजे एका पट्टीचा शंभरावा भाग) चढतो, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी. ‘आवाज बारीक वाटतो म्हणजे वेग जास्त’ या कसोटीवर जाऊ नका. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळाच उंच पट्टीचा. त्यांच्या ओडियनच्या तबकड्या कानाला जड वाटाव्यात म्हणून हळू केल्या तर त्या गाण्याचा जीवच जातो.

माझी पद्धत अशी. एकाच बैठकीत भरलेल्या तबकड्या शोधायच्या. लेबल आणि खाचांच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले मॅट्रिक्स नंबर लागोपाठ असले की बैठक एक असण्याची शक्यता दाट. मग साथीची पेटी तीच, षड्जही बहुधा तोच. दोन-तीन बाजूंचा षड्ज तानपुऱ्याच्या ॲपवर जुळवून बघायचा. सगळ्या एकाच पट्टीजवळ आल्या की वेग बरोबर. खूप जुन्या तबकड्यांत शेवटी गायक स्वतःचं नाव सांगतो, तिथे बोलण्याचा आवाज ऐका. गाण्यात वेगाची चूक लपते, बोलण्यात लपत नाही.

मिरज_तंतू

अब्दुल करीम खाँसाहेबांबद्दल अगदी बरोबर. ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही झिंझोटीतली ठुमरी ऐकताना मंद्रात तानपुऱ्याची गाज ऐकू येते का बघा. सुई योग्य मापाची असेल तर मागे जवारी (तारेची गुंजणारी झंकार) लागलेली कळते. चुकीच्या सुईने तानपुरा आणि खरखर एकच होऊन बसतात.

चावीच्या फोनोवर वेग तपासायला काही उपकरण लागत नाही. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी कडेबाहेर येईल अशी अडकवा, सुई टेकवून वाजवायला लागा आणि २० सेकंदांत चिठ्ठी किती वेळा समोरून गेली ते मोजा. २६ फेऱ्या म्हणजे ७८. सुई टेकवूनच मोजायचं, कारण सुईच्या ओढीने फिरकी थोडी मंदावते. बाजूच्या अगदी शेवटीही एकदा मोजा. सुरुवातीला २६ आणि शेवटी २५ भरल्या तर स्प्रिंगचं ग्रीस वाळलंय किंवा चावी पुरी दिलेली नाही.

उद्यमनगर_लेथ

इलेक्ट्रिक टर्नटेबलवाल्यांसाठी दोन गोष्टी.

पहिली. स्ट्रोबची चकती (दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात का ते बघून वेग तपासायची) अमेरिकेची असेल तर आपल्याकडे फुकट. आपली वीज ५० हर्ट्‌झ, दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. त्यामुळे ३३⅓ साठी १८० रेघांचं वर्तुळ हवं आणि ७८ साठी ७७ रेघांचं. अमेरिकन चकतीवर २१६ आणि ९२ असतात. रेघा मोजून घ्या. दिवा जुना पिवळा बल्ब किंवा निऑनचा छोटा दिवा घ्या. बरेचसे एलईडी लुकलुकतच नाहीत, त्यामुळे रेघा स्थिर दिसण्याचा प्रश्नच येत नाही आणि माणूस विनाकारण मोटर उघडून बसतो.

दुसरी. परदेशातून नातेवाइकांनी आणलेलं ११० व्होल्टचं टर्नटेबल. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं असं समजतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्‌झ बदलत नाही. आत एसी सिंक्रोनस मोटर असेल तर ती ५० हर्ट्‌झवर पाच-षष्ठांश वेगानेच फिरणार. ३३⅓ चे २७.८ होतात. डीसी मोटर असेल तर ही अडचण नाही.

उपाय पुली बदलण्याचा. उद्यमनगरात पितळी पुली लेथवर करून मिळते, पण माप नीट द्यावं लागतं. नुसता व्यास १.२ ने गुणून चालत नाही, कारण वेग पुलीचा व्यास आणि बेल्टची जाडी या दोन्हींच्या बेरजेवर ठरतो. उदाहरणार्थ पुली १० मिमी आणि बेल्ट ०.६ मिमी : १०.६ गुणिले १.२ म्हणजे १२.७२, त्यातून ०.६ वजा केले की १२.१२ मिमी. नुसता १२ चा आकडा सांगितला तर वेग एक टक्का कमी पडतो. आणि कारागिराला स्पष्ट सांगा की भोक आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत काढायचा. पुली उलटून दुसऱ्यांदा चकमध्ये धरली की मध्य सरकतो आणि सूर डुलायला लागतो.

बेल्ट मागवताना जुना ताणलेला बेल्ट मापू नका. पुली आणि प्लॅटरभोवती (तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीभोवती) दोरा गुंडाळून लांबी घ्या आणि त्याहून साधारण ५ टक्के आखूड मागवा.

काळी_चार

लेथ, फार उपयोगी लिहिलंत. २७.८ चा सुरातला हिशोब गाणाऱ्यांसाठी सांगतो : पूर्ण तीन पट्ट्या खाली. काळी चारचा गळा पांढरी चारवर येतो. किशोरीताईंची एलपी अशा मशीनवर ऐकून कोणी त्यांच्या लयीबद्दल मत बनवलं तर ते मत मशीनचं असतं.

नवा_श्रोता_राजारामपुरी

पोटमाळ्यावरच्या दोन पेट्या खाली काढल्या आहेत, बहुतेक ७८ च्या, थोड्या एलपी. वर पांढरट बुरशी आहे. स्पिरिटने पुसल्या तर चालेल का? की रिठ्याचं पाणी बरं?

खासबाग_९

थांबा, स्पिरिट लावू नका! ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात, शेलॅकच्या. फर्निचरला पॉलिश करणारा सुतार चपडी म्हणजे हीच लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. तबकडीवर तेच होईल, खाचेचा वरचा थर विरघळून काळं पाणी कापडाला लागेल आणि गाणं त्याबरोबर जाईल. सॅनिटायझर, कोलन वॉटर, काचा पुसायचं निळं पाणी, यांतलं काहीही नको.

रिठाही नको. त्याचा फेस चांगला होतो पण वाळल्यावर खाचेत चिकट थर राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशीला तेच खाद्य मिळतं.

करायचं असं. आधी कोरडी झाडण : मऊ केसांच्या रुंद ब्रशने, गच्चीत किंवा गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, कारण बुरशीची पूड छातीत जाते. मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर सीलबंद बाटलीतलं घ्या, एक लिटरला भांडी घासायच्या बिनरंगी सौम्य लिक्विडचे दोन-तीन थेंब, बस. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत सुकतात. पाणी घरातल्या हवेइतकंच, गरम नाही. ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून मध्ये स्टीलची छोटी वाटी पालथी धरा, दहा इंचीच्या लेबलवर ती बरोबर बसते. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा आणि मायक्रोफायबरने टिपून घ्या. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, पाण्यात पडून राहिली तर ती पाणी ओढते. म्हणून एका बाजूला दोन-तीन मिनिटांहून जास्त ओल नको. मग भांड्यांच्या स्टँडवर उभ्या ठेवून रात्रभर पंख्याखाली. उन्हात नाही.

दोन_बाजू

एलपीच्या बाबतीत मी थोडं वेगळं म्हणेन. एलपी व्हायनलच्या, त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. डिस्टिल्ड पाण्यात १० टक्के घातलं की बोटांचा तेलकटपणा चटकन निघतो.

पण एकाच पेटीत दोन्ही असतील तर बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. ओळखायची खूण : ७८ जाड, ताठ आणि जड असते, एलपी हलकी आणि किंचित वाकते. लेबलवर वेग छापलेला नसला तर खाचा बघा. ७८ च्या खाचा नुसत्या डोळ्यांना वेगवेगळ्या दिसतात.

खासबाग_९

दोन_बाजू, १० टक्क्यांवर माझी हरकत नाही, मात्र फक्त निघत नसलेल्या डागापुरतं. रोजच्या धुळीला कोरडा कार्बन फायबर ब्रश पुरे.

पापाची_तिकटी

विकत घेण्याबद्दल. लक्ष्मीपुरीत किंवा कुठल्याही जुन्या बाजारात ७८ ची तबकडी घेताना मडकं घेतल्यासारखी वाजवून घ्या. मधल्या भोकात बोट घालून अधांतरी धरायची आणि कडेला नखाने टिचकी मारायची. सणसणीत नाद आला तर अखंड. ‘थप्प’ आवाज आला तर कुठेतरी केसासारखी भेग आहे, डोळ्यांना दिसत नसली तरी. मग उजेडाला तिरकी धरून कडेपासून आत बघत या.

लेबल चकचकीत आणि खाचा राखाडी दिसत असतील तर ती स्टीलच्या पिनने झिजलेली आहे. चावीच्या फोनोचा साउंड बॉक्स (पिन बसते ती डबी) शंभर ग्रॅमहून जास्त दाब देतो, आणि पिन दर बाजूला बदलायची असते. एकाच पिनने दहा बाजू वाजवल्या की पिनेची धार छिन्नीसारखी होते. मोठ्या आवाजाच्या जागा आधी झिजतात, म्हणून सुरुवात चांगली ऐकू येऊन तानेवर फाटतं. घेण्यापूर्वी तबकडीचा शेवटचा एक इंच बघा, सगळी गोष्ट तिथे कळते.

पितळी भोंग्याच्या ‘अँटिक’ फोनोपासून लांब राहा. नवी पेटी, नवा भोंगा आणि कुठल्यातरी पोर्टेबलची मोटर असं जुळवून ते विकलं जातं. टोनआर्मची (पिन पुढे धरणाऱ्या दांड्याची) लांबी मोटरच्या मध्याशी जुळत नाही, त्यामुळे पिन खाचेत तिरकी बसते आणि चांगली तबकडी दहा वेळांत खलास होते. खऱ्या यंत्रात भोंग्यापेक्षा आर्मचा सांधा बघायचा : हलका, बिनखडखडीचा आणि हवाबंद. कुत्र्याच्या चित्राची पाटी नवी मिळते, सांधा नवा मिळत नाही.

उद्यमनगर_लेथ

यात एक धोक्याची गोष्ट घालतो. चावीची मोटर उघडण्याआधी स्प्रिंग पूर्ण उतरू द्या, फिरकी आपोआप थांबेपर्यंत. ताणलेल्या स्प्रिंगचा डबा उघडला तर पट्टी बाहेर झेपावते आणि बोटं कापते. वाजताना ‘धप्प’ असा धक्का बसत असेल तर बहुतेक वेळा स्प्रिंग तुटलेली नसते, ग्रीस घट्ट होऊन पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि झटक्याने सुटतात. रॉकेलने धुऊन ग्रॅफाइट ग्रीस लावलं की थांबतं.

शालिनी_पॅलेस_रोड

शास्त्रीय सोडून थोडं चित्रपटांकडे वळू का? कोल्हापूरच्या संग्रहात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांच्या तबकड्या नसतील तर तो संग्रह अर्धा.

लेबलवर संगीतकार म्हणून ‘आनंदघन’ दिसलं की ती लताबाईंची चाल. ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९). ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे जगदीश खेबुडकरांचं गीत ‘साधी माणसं’मधलं. विकणाऱ्याला आनंदघन कोण हे माहीत नसतं, त्यामुळे त्या तबकड्या लताबाईंच्या ढिगाऐवजी ‘इतर मराठी’च्या ढिगात सापडतात. तिथे आधी बघा. आणि सुधीर फडके तर इथेच जन्मलेले, १९१९ सालचे. बाबूजींचं गाणं तबकडीवर ऐकताना शब्दातलं शेवटचं व्यंजनसुद्धा सुटत नाही. सुईची परीक्षा घ्यायची असेल तर त्यांचा ‘स’ ऐका. ‘स’ फुत्कारला तर सुई झिजलेली आहे किंवा कार्ट्रिज वाकडं बसलंय.

बंधारा_४३

इथल्या संग्राहकांना पुराचं लिहायलाच हवं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्क भागात तळमजल्यावर संग्रह असेल तर ३९ ची बातमी आली की पेट्या वर न्या, ४३ ची वाट बघू नका. दहा इंची ५० तबकड्या साधारण दहा किलो भरतात, म्हणून पेटीत ४०-५० च्या वर भरू नका, घाईत एकट्या माणसाला उचलता यायला हवी.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर अनेक घरांत एकच चूक झाली, भिजलेल्या तबकड्या कव्हरसकट उन्हात मांडल्या. कव्हर वाळताना तबकडीला चिकटलं आणि व्हायनल उन्हाने द्रोणासारखं झालं.

क्रम असा ठेवा. आधी ७८, कारण लाख पाणी पिते. त्यांतही काही तबकड्यांच्या आत कागदाचा थर असतो, कडेला फुगलेली दिसली की ती सगळ्यांत आधी. कागदी पाकीट ओलं असतानाच सोलून काढा. नंबर लिहिलेला तुकडा वेगळा ठेवा, नाहीतर कुठलं पाकीट कुणाचं ते कळत नाही. गाळ हाताने चोळू नका, पंचगंगेच्या गाळात बारीक वाळू असते. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली गाळ आपोआप सुटू द्या, मग वर लिहिलेलं डिस्टिल्डचं धुणं. एलपीला पाण्याने काही होत नाही, त्या दोन दिवस थांबू शकतात. बुरशी मात्र ४८ तासांत धरते, म्हणून कव्हरांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली, कागद दर तीन-चार तासांनी बदला.

नवा_श्रोता_राजारामपुरी

दोन दिवस सांगितलं तसं केलं. बुरशी गेली. दहा इंचीपैकी एका तबकडीत सूर मात्र हेलकावतो, सुरुवातीला कमी आणि शेवटाकडे जास्त. दुसऱ्या तबकड्यांत नाही. बेल्ट बदलू का?

काळी_चार

बाकीच्या तबकड्या स्थिर असतील तर बेल्टला हात लावू नका. मधलं भोक मध्यावर नाहीये. वाजताना टोनआर्म वरून बघा, दर फेरीला डावी-उजवीकडे झुलताना दिसेल. भोक १ मिमी सरकलेलं असेल तर बाहेरच्या कडेला, मध्यापासून १२० मिमीवर, सूर साधारण १४ सेंट वर-खाली होतो. आत ५० मिमीवर तोच ३४ सेंट होतो. म्हणून शेवटाकडे वाढतो. ताना निभावून जातात, पण शेवटचा लांब षड्ज हलला की लगेच कळतं.

भोक थोडं सैल असेल तर तबकडी स्पिंडलवर (मधल्या खुंटीवर) ढकलून बघा. वाजवताना आर्म मध्यापासून जास्तीत जास्त बाहेर जातो त्या क्षणी थांबवा, सुईखालची कड स्पिंडलकडे अर्धा मिमी सारा, पुन्हा वाजवा. तीन-चार वेळांत आर्म शांत होतो. भोक कानसू मात्र नका, लाख कडेने कपचे सोडते. तबकडी कोणाची आहे?

नवा_श्रोता_राजारामपुरी

लेबल अर्धं उडालंय. ‘मोगूबाई’ एवढं वाचता येतं. सारून बघितली, तिसऱ्या वेळेला आर्म थांबला. षड्ज आता सरळ लागतो.

खासबाग_९

कोऱ्या पट्टीवर कोरलेला नंबर उजेडात तिरकी धरून वाचा आणि इथे लिहा, दोन्ही बाजूंचा. अक्षरांसकट. राग त्यावरून लावता येईल.